समजून घ्या : जळालेलं जंगल स्वतःहून परत कसं येतं?

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९८८ च्या उन्हाळ्यात वणवे पेटले. उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या तडाख्यात सापडला. सप्टेंबरमध्ये बर्फ पडला, तेव्हा कुठे आग आटोक्यात आली. पुढच्याच वर्षी राखेतून पाइनची रोपं वर आली. ती कोणी लावली नव्हती.

हे कसं घडलं?

इथल्या लॉजपोल पाइनच्या अनेक झाडांची शंकूसारखी फळं राळेने घट्ट बंद असतात. आगीच्या धगीने राळ वितळते आणि बिया मोकळ्या होतात. शिवाय आगीतून वाचलेले पट्टे, जमिनीखालची मुळं, पडलेली खोडं यांच्या आधारानेही जंगल उभं राहतं. या शिल्लक ठेव्याला अभ्यासक ‘परिसंस्थेची स्मृती’ म्हणतात.

मग वन विभागाने काय करायचं?

आधी काय उरलंय ते पाहायचं. जळकी खोडं घाईने ओढून नेली, तर उगवलेली रोपंच चिरडली जातात.

धोका कुठे आहे?

यलोस्टोनमध्ये असे मोठे वणवे पूर्वी साधारण १०० ते ३०० वर्षांनी यायचे. १९८८ नंतर वाढलेल्या जंगलाचा काही भाग २०१६ मध्ये, अवघ्या २८ वर्षांत पुन्हा जळाला. तिथे नवी रोपं बरीच कमी उगवली.

आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसामुळे लागतात आणि तेच डोंगर पुन्हा पुन्हा जळतात. त्यामुळे ‘पावसाळ्यात हिरवं होईलच’ म्हणून निर्धास्त राहता येणार नाही. गवत परत येतं. झाडांना मात्र दोन वणव्यांमध्ये वेळ मिळावा लागतो.