बॅटरीचा उपास सोडवा!

दोस्तांनो, ‘लॅपटॉपची बॅटरी पार संपल्याशिवाय चार्जिंगला लावू नकोस,’ असं घरातल्या कुणीतरी तुम्हाला सांगितलंच असेल. मोठ्यांचं अगदीच चूक नाही बरं का! पूर्वीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या वारंवार अर्धवट वापरून चार्ज केल्या, की पुढे लवकर दमायच्या. म्हणून त्या मधूनमधून पूर्ण रिकाम्या कराव्या लागत.

आजच्या लॅपटॉपमध्ये असते लिथियम-आयन बॅटरी. ती सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणली. तिचा पाया घालणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते!

या बॅटरीला कडकडीत उपास मानवत नाही आणि आकंठ जेवणही. असं का? चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत निघतात. या ये-जा करण्यात थोडं लिथियम ग्रॅफाइटवरच्या पातळ पापुद्र्यात कायमचं अडकतं. तेवढी बॅटरीची ताकद कमी. बॅटरी गरम असेल आणि काठोकाठ भरलेली असेल, तर हे अडकणं जास्तच वेगाने होतं.

आता सांगा, गादीवर लॅपटॉप ठेवून, चार्जर लावून तासन्‌तास गेम खेळलात तर? गादीने हवेची भोकं बंद, पोट १०० टक्के भरलेलं, वर उकाडा! त्यापेक्षा टेबल बरं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. आई-बाबांना ती शोधायला सांगा. (त्यांनाही कामाला लावायला नको का?) मे महिन्यात गावाला जाताना लॅपटॉप घरी राहणार असेल, तर बॅटरी साधारण निम्मी भरून तो बंद करा. रिकामी ठेवलीत, तर परत येईपर्यंत ती इतकी उतरू शकते की पुन्हा चार्जच व्हायची नाही.

आणि हे मात्र गमतीवारी नेऊ नका. लॅपटॉपचं झाकण नीट बसेना, टचपॅड वर उचललेला दिसला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. आत पेट घेऊ शकणारा वायू साठतो. दाबू नका, टोचू नका, उघडून बघू नका. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि लगेच मोठ्यांना हाक मारा. अशी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. ती ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्यायची.