गुडघ्याला काम द्या
सोयाबीन सोंगताना उकिडवं बसून बसून आमच्या वर्ध्याकडच्या कितीतरी बायांचे गुडघे पन्नाशीतच कुरकुरू लागतात. सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या दवाखान्यात दाखवायला गेलं आणि व्यायाम सांगितला, की उत्तर ठरलेलं : ‘दिवसभर वावरात राबतो, आनखी व्यायाम कायले?’ प्रश्न रास्तच. पण राबण्यानं शरीर थकतं, मांडीचा पुढचा स्नायू बळकट होतोच असं नाही. त्यासाठी दिवाणावर पाय लांब करायचा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच आकडे मोजून सोडायची. शिवाय गुडघ्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला की आतल्या द्रवातून तिचं पोषण होतं. त्यामुळे ‘झीज झाली, आता बसून राहा’ हा शेजारणीचा प्रेमळ सल्ला नेमका उलटा. दुखणं वाढलं तर आकडे कमी करा, व्यायाम बंद करू नका.