विमानाचा वेळ आणि प्रवाशाचा वेळ

नागपूर ते मुंबई विमानाने किती वेळ लागतो, असे कोणी विचारले असता ‘दीड तास’ हे उत्तर घरातील लहान मूलही देते. या उत्तराचे यथार्थ मोल काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम अंतर पाहू. आकाशमार्गे ही दोन नगरे सुमारे ६८० किलोमीटर दूर आहेत. लोहमार्ग कसारा घाट चढून भुसावळ, मलकापूर, अकोला, वर्धा असा वळसा घेत जातो. म्हणून त्या मार्गाने हेच अंतर ८३७ किलोमीटर होते. जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग नागपूरपासून भिवंडी तालुक्यातील आमणे गावापर्यंत ७०१ किलोमीटर आहे. विमानाची गती ताशी ८०० किलोमीटर धरिली, तर त्रैराशिकाने ५१ मिनिटे येतात. मग दीड तास कोठून आला? विमान आपली जागा सोडते तेव्हापासून पलीकडे ते उभे राहीपर्यंतचा काळ वेळापत्रकात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, चढणे, उतरणे, सर्व त्यातच आले. प्रवाशाच्या घरापासून विमानतळापर्यंतचा काळ मात्र त्यात मुळीच नाही.

जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि परत जात. त्या योजनेचे यश वेगापेक्षा मेळावर अधिक अवलंबून होते. प्रवासाचेही तसेच आहे.

आता मोताळ्याच्या माणसाचा हिशेब करू. जळगावचा विमानतळ जवळ खरा, परंतु तेथील उड्डाणे मोजकी. छत्रपती संभाजीनगरास जावे, तर मोटारीचे सुमारे चार तास, विमानतळावर आधीचे दोन, आकाशात एक, आणि मुंबईत उतरून घर गाठण्यास दीड. एकूण साडेआठ तास. उलट मलकापुरास जाऊन रात्रीची गाडी धरली, तर दारापासून दारापर्यंत दहा-अकरा तास लागतात, आणि त्यातील बरेचसे झोपेत जातात. सारी बचत दीड ते अडीच तासांची!

हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. घरात वडील माणूस अत्यवस्थ झाले की दूरच्या मुलास निरोप जातो. तो कळवळून म्हणतो, “दोन तासांचे तर विमान आहे, निघालोच.” घरची मंडळी त्या दोन तासांवर विसंबून दाराकडे डोळे लावून बसतात, आणि तो पोचतो दुसऱ्या दिवशी. अंत्यदर्शनासाठी आणखी थांबावे की न थांबावे, यावरून अशा वेळी भावाभावांत जो सल राहतो, तो वर्षानुवर्षे निघत नाही. वास्तविक माया कोणाचीच उणी नसते; हिशेब मात्र कोणीच केलेला नसतो.

म्हणून गृहिणींस व गृहस्थांस एक विनंती आहे. परगावी असलेल्या प्रत्येक माणसास घरी येण्यास उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत किती काळ लागतो, दिवसाचे शेवटचे विमान केव्हा सुटते, ते चुकल्यास कोणती गाडी मिळते, हे त्याच्याकडूनच विचारून एका कागदावर लिहून ठेवावे व दिनदर्शिकेजवळ टांगावे. वेळापत्रके बदलतात, म्हणून दर दिवाळीस मंडळी जमली की तो कागद तपासावा. आणि दुखणे गंभीर होत असल्याचे दिसताच निरोप धाडावा. ‘उगाच कशाला घाबरवा’ म्हणून दडवून ठेवलेला एक दिवस कोणतेही विमान भरून देत नाही.