जहाजावरील रात्रीचे जेवण : मेज की बुफे?

क्रूझच्या सहलीचे आरक्षण करताना एक प्रश्न बहुधा विचारला जातो. रात्रीचे जेवण आपण लवकरच्या पाळीत घेणार, उशिराच्या पाळीत घेणार, की जमेल तेव्हा? केबिनला खिडकी असावी की सज्जा, या चर्चेत दोन-दोन संध्याकाळी घालवणारी कुटुंबे या प्रश्नाचे उत्तर मात्र अर्ध्या मिनिटात देऊन मोकळी होतात. परंतु बरोबर मधुमेह असलेले आजोबा असतील, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या सासूबाई असतील किंवा पाच वर्षांचे नातवंड असेल, तर सहलीतील प्रकृतीच्या दृष्टीने खिडकीपेक्षा हे उत्तर अधिक महत्त्वाचे ठरते. आजच्या लेखात त्याचाच विचार करू.

मोठ्या क्रूझ जहाजावर तिकिटाच्या रकमेतच रात्रीच्या जेवणाच्या दोन सोयी असतात. एक, मुख्य भोजनकक्ष. येथे पांढरे मेजपोस, छापील मेन्यू आणि वाढायला वेटर असतात. आधी सूप किंवा एखादा हलका पदार्थ, मग मुख्य पदार्थ, शेवटी गोड, असा क्रम असतो. जुन्या पद्धतीत रोज तेच मेज, तेच शेजारी, तेच वेटर आणि तीच वेळ. लवकरची पाळी सहाच्या सुमारास, तर उशिराची आठ-साडेआठला. दुसरी सोय म्हणजे वरच्या मजल्यावर, पोहण्याच्या तलावाजवळ मांडलेला बुफे. तो बराच वेळ उघडा असतो, कपड्यांचे बंधन फारसे नसते, आणि कितीदाही ताट भरून आणले तरी कोणी विचारत नाही.

पूर्वी प्रवाशांना एवढीही निवड नसे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मेजावर जे येईल ते जेवायचे. १९०५ साली जलावतरण झालेल्या ‘अमेरिका’ या जर्मन जहाजावर सेझार रिट्झच्या नावाने स्वतंत्र उपाहारगृह निघाले, तेव्हा जादा पैसे मोजून मनाजोगते पदार्थ मागवता येणे ही श्रीमंतांच्या कौतुकाची गोष्ट होती. पुढे २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ठरावीक वेळा आणि ठरावीक मेजे काढून टाकली. इतर कंपन्यांनीही हळूहळू सवडीच्या वेळेचा पर्याय ठेवला. याउलट क्यूनार्डच्या ‘क्वीन मेरी २’ वर आजही खास पोशाखाच्या रात्री साजऱ्या होतात आणि ज्यांना सूट-टाय नको असेल ते निमूटपणे बुफेकडे वळतात. मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलियाचे जहाज सुटू लागल्यावर हा प्रश्न आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांतही आला. पोशाखाचा मुद्दा मी येथेच सोडतो. त्याचा प्रकृतीशी संबंध एवढाच, की घट्ट कमरपट्टा माणसाला दुसऱ्या पुडिंगापासून कधी कधी वाचवतो.

आता मूळ मुद्दा. बुफेत आपण अधिक जेवतो ते अन्न तेलकट असते म्हणून किंवा फुकट वाटते म्हणून, असा समज आहे. त्यात तथ्य आहे; पण खरे कारण निराळे आहे. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना एकाच प्रकारचे सारण असलेली सँडविचे दिली आणि पुढे चार निरनिराळ्या सारणांची. चार प्रकार समोर असताना लोकांनी सुमारे एकतृतीयांश अधिक खाल्ले. एका चवीने जीभ तृप्त होते ती त्या चवीपुरतीच. दुसरी चव समोर आली की भूक पुन्हा जागी होते. श्रीखंड नकोसे झालेला माणूस भज्यांवर हात मारतो आणि मठ्ठ्याचा घोट घेऊन पुन्हा श्रीखंडाकडे वळतो, हे आपण लग्नघरात पाहिलेले आहेच. जहाजावरील बुफे म्हणजे या स्वभावाची रोजची परीक्षा. पास्ता, कबाब, पुलाव, सुशी, पाच प्रकारचे पाव आणि गोडाचे स्वतंत्र दालन एका नजरेच्या टप्प्यात असते, आणि सात दिवस असते.

भोजनकक्षात ही निवड मेन्यूच्या कागदावर होते. डोळ्यांसमोर पदार्थ नसतात, ताटात किती वाढायचे हे स्वयंपाकघर ठरवते आणि दोन पदार्थांच्या मध्ये वेळ जातो. पोट भरल्याची जाणीव व्हायला जो अवधी लागतो, तो येथे आपोआप मिळतो. आपली पंगत याच जातीची होती. वाढपी क्रमाने येत, पंगतीत सर्वांनी एकदमच उठायचे असे. त्यामुळे कोणाला घाई करता येत नसे. अर्थात पंगतीत आग्रहही होता आणि जहाजावरचा वेटरही आग्रहाला कमी नसतो. दोन मुख्य पदार्थ मागितले तरी बहुतेक जहाजांवर तो हसतमुखाने आणून देतो, आणि मेजावर येऊन पडलेली पावाची टोपली सूप येईपर्यंत रिकामी झालेली असते. म्हणून भोजनकक्षात जेवले म्हणजे पथ्य पाळले, अशी समजूत करून घेऊ नये. टोपली परत न्यायला सांगावी, सॉस बाजूला वाटीत मागावा, गोडाऐवजी फळे मागावीत.

मिठाच्या बाबतीत तर हे मागणे फार उपयोगी पडते. प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सूप, सॉस, चीज, खारवलेले मांस यांतून ही मर्यादा एका जेवणातच ओलांडली जाऊ शकते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसाच्या पायावर दोन दिवसांत सूज दिसू लागते ती अशी. बुफेच्या कढईतले मीठ कोणाला कमी करता येत नाही. भोजनकक्षात आदल्या दिवशी सांगून ठेवले, तर कमी मिठाचा पदार्थ वेगळा करून मिळण्याची बरीच शक्यता असते. शाकाहारी आणि जैन प्रवाशांनीही हाच मार्ग धरावा. रात्रीचे जेवण आटोपताना मुख्य वेटरला भेटून दुसऱ्या दिवशीचा मेन्यू पाहून घ्यावा आणि आपले सांगून ठेवावे. बुफेत पाट्या लावलेल्या असतात खऱ्या, परंतु पनीरच्या भांड्यातला चिमटा शेजारच्या कोंबडीच्या भांड्यात कधी जातो, हे पाटीला कळत नाही.

इतके वाचून भोजनकक्षाचेच पारडे जड आहे असे आपल्याला वाटेल. माझेही मत साधारण तसेच आहे. परंतु एका प्रकारच्या प्रवाशासाठी हीच शिस्तीची मेजवानी धोक्याची ठरू शकते, आणि त्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे.

जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही माणसाची घरची घडी ठरलेली असते. साडेसातला इंजेक्शन, लगेच किंवा अर्ध्या तासात ताट समोर. शीघ्र परिणाम करणारे इन्सुलिन जेवणाच्या जेमतेम दहा-पंधरा मिनिटे आधी घ्यायचे असते. जुन्या साध्या प्रकाराला सुमारे अर्धा तास लागतो. आता जहाजावर काय होते पाहा. आजोबा सवयीप्रमाणे केबिनमध्ये इंजेक्शन घेतात. लिफ्टसाठी गर्दी असते. मेजावर बसल्यावर मेन्यू हाती येतो, सर्वांचे ठरेपर्यंत वेळ जातो, मग सूप येते. त्यात पिष्टमय असे फारसे काही नसते. त्यानंतर सॅलड. भात, बटाटा किंवा पाव असलेला मुख्य पदार्थ येईपर्यंत पाऊण तास उलटून गेलेला असू शकतो. त्यातच दुपारी किनाऱ्यावरचा किल्ला चढून आल्याने साखर आधीच खाली आलेली असते, आणि मंडळींच्या आग्रहास्तव वाइनचा पेला घेतलेला असतो. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही रक्तातील साखर घसरल्याची लक्षणे आहेत. पण मंद दिव्यांत, वाद्यवृंदाच्या आवाजात, ‘दमले असतील’ असे म्हणून ती दुर्लक्षिली जातात. सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, घेणाऱ्यांनाही हा धोका असतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो सहसा नसतो.

यावर उपाय आहेत. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना ‘जेवण हप्त्याहप्त्याने, तासाभरात येते’ हे स्पष्ट सांगावे आणि इन्सुलिन केव्हा घ्यायचे ते लिहून आणावे. आपल्या मनाने वेळ किंवा मात्रा बदलू नये. अशा प्रवाशाने उशिराची पाळी घेऊच नये. बसताक्षणीच वेटरला सांगावे, की यांचा मुख्य पदार्थ सूपबरोबरच आणा. कारण सांगितले तर तो आनंदाने आणतो. पावाची टोपली मी मघाशी परत पाठवायला सांगितली, ती अशा मेजावर मात्र असू द्यावी. खिशात साखर ठेवावी. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली किंवा लक्षणे दिसली तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता जहाजावरच्या डॉक्टरांना तातडीने बोलवावे. आणि हे सारे सांभाळणे जड वाटत असेल, तर निःसंकोच बुफेत जेवावे. तेथे आधी ताट भरून मेजावर ठेवता येते आणि मग इंजेक्शन घेता येते. मुक्कामागणिक जहाजावरची घड्याळे एखादा तास पुढे-मागे केली जातात, हेही लक्षात असू द्या.

बुफेची दुसरी बाजू स्वच्छतेची. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्र, म्हणजे सीडीसी, १९७० च्या दशकापासून तेथील बंदरांत येणाऱ्या परदेशी प्रवासाच्या जहाजांची तपासणी करते. शंभरपैकी गुण दिले जातात. ८५ किंवा त्याहून कमी मिळाले तर जहाज नापास. गरम अन्न ५७ अंश सेल्सिअसहून अधिक आणि थंड अन्न ५ अंशांहून कमी तापमानात असावे, असा दंडक आहे. प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी तीन टक्के लोकांना जुलाब-उलट्यांचा त्रास झाला, की त्या साथीची जाहीर नोंद होते. यातील बहुतेक साथींचे कारण नोरोव्हायरस. तो फार थोड्या विषाणूंनीही लागण करतो, १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो आणि साधारण एक ते तीन दिवस टिकतो. हातावर चोळण्याच्या अल्कोहोलच्या द्रवाला तो दाद देत नाही. साबण आणि वाहते पाणी, तेही वीस सेकंद, हाच खरा उपाय.

येथे आपल्या सवयीचा एक मुद्दा येतो. आपण दारात हात धुतो, ताट घेतो, शेकडो हातांनी धरलेले चिमटे आणि डाव धरून पदार्थ वाढून घेतो, आणि मग त्याच हाताने पोळी तोडतो. काट्या-चमच्याने जेवणाऱ्यापेक्षा आपल्याला हा धोका अधिक. म्हणून बुफेत हात दोनदा धुवावेत. दुसऱ्यांदा, म्हणजे ताट मेजावर ठेवल्यानंतर आणि पहिल्या घासाआधी. मुलांचे ताट मोठ्यांनी वाढून आणावे. भोजनकक्षात चिमट्यांचा प्रश्न नसला तरी जिन्याचे कठडे आणि लिफ्टची बटणे सर्वांचीच असतात, तेव्हा तेथेही साबण सुटत नाही. कोणाला उलटी-जुलाब झालेच तर क्षारसंजीवनी सुरू करावी, जहाजाच्या दवाखान्याला कळवावे आणि केबिनमध्ये राहावे. सहल फुकट जाईल म्हणून लपवणारी माणसे साथ पसरवतात.

लहान मुले बरोबर असतील तर भोजनकक्षातील दीड-दोन तासांची बैठक त्यांच्यावर लादू नये. त्यांना संध्याकाळी बुफेत भरवून घ्यावे. खूप मेज-शिष्टाचार शिकवायचे असतील तर एखादी रात्र पुरे.

माझा सल्ला असा की न्याहारी आणि दुपारचे जेवण बुफेत घ्यावे, कारण त्या वेळी दही, फळे, अंडी, कोशिंबीर अशी साधी निवड सोपी असते. रात्री मात्र भोजनकक्षात जावे, आणि तेही लवकरच्या पाळीला. बुफेत शिरल्यावर आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारावी आणि जागा पदार्थांच्या रांगेकडे पाठ होईल अशी निवडावी.

आरक्षणाच्या वेळी उशिराची पाळी नोंदवून बसला असाल तरी हातपाय गाळू नका. जहाजावर चढल्या दिवशीच दुपारी, सामान केबिनमध्ये येण्याची वाट न पाहता, भोजनकक्षाच्या मुख्य वेटरला जाऊन भेटा. पाळ्या आणि मेजे बदलण्याची खटपट त्या दुपारीच चालते. औषधाचे कारण सांगा, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. संध्याकाळपर्यंत थांबलात, तर लवकरच्या पाळीतील मोकळ्या खुर्च्या इतरांनी घेतलेल्या असतील.