अकादमीची खुर्ची आणि सावद्याचा डफ

सावदा स्टेशनावरून केळीच्या वाघिणी दिल्लीकडे जातात, हे खान्देशातील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. बागेतून कापलेला घड कोणत्या दिवशी आझादपूरच्या मंडीत उतरेल, त्याला भाव काय मिळेल, वाटेत किती माल काळा पडेल, याचा हिशेब आमच्याकडे अंगठेबहाद्दर शेतकरीही तोंडी सांगतो. त्याच दिल्लीत मंडी हाऊस नावाचा दुसरा एक चौक आहे. तेथे रवींद्र भवनात संगीत नाटक अकादमीचे कार्यालय आहे. या दुसऱ्या मंडीत आमच्या गावचा माल कसा पोहोचवावा, हे मात्र सत्तर वर्षांत आम्हांला कोणी सांगितले नाही. माल आमच्याकडे नव्हता असे नाही. डफाच्या तालावर रात्र रात्र चालणारे वहीगायन होते, कानबाईची गाणी होती, सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी आणि पावरा बांधवांचे नाच होते, भोवाड्याची सोंगे होती. काही आहेत, काही विझत चालली आहेत. त्यांच्याविषयी दिल्लीच्या संस्थेने काय केले, हा प्रश्न विचारण्याचा आम्हां सावदेकरांना अधिकार आहे, आणि तो आम्ही येथे विचारणार आहोत.

प्रथम संस्थेचा जन्म पाहू. भारत सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने ३१ मे १९५२ च्या ठरावाने ही अकादमी स्थापली आणि २८ जानेवारी १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. साहित्य आणि ललित कला या अकादम्या तिच्यामागून आल्या. थोरली बहीण हीच. मद्रासचे सरन्यायाधीश पी. व्ही. राजमन्नार हे तिचे पहिले अध्यक्ष आणि निर्मला जोशी पहिल्या सचिव. उद्घाटनप्रसंगी शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांनी मांडलेला विचार आम्हांला आजही मोलाचा वाटतो. राजेरजवाडे गेले, आता कलेला पोसणार ते लोकच. आणि राज्यसंस्था ही लोकांच्याच इच्छेचे संघटित रूप असल्याने कलेचे संगोपन हे तिच्या पहिल्या कर्तव्यांपैकी एक होय, असा त्याचा आशय. म्हणजे अकादमी ही दरबाराची जागा घेणारी नवी दरबारी संस्था व्हावी, असे तिच्या जन्मदात्यांच्या मनात नव्हते. ती लोकांची कारभारीण व्हावी, एवढीच अपेक्षा होती.

झाले काय? दरबार गेला आणि त्याचे मानपान तेवढे उरले. अकादमीच्या अध्यक्षाची नेमणूक राष्ट्रपती करतात, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार करते. त्या खुर्चीवर म्हैसूरचे महाराज बसले, साठच्या दशकात काही वर्षे खुद्द इंदिरा गांधी बसल्या. कमलादेवी चट्टोपाध्याय, गिरीश कार्नाड, भूपेन हजारिका अशी खरोखरची थोर माणसेही बसली. कार्नाडांचा जन्म माथेरानचा, मराठी रंगभूमी त्यांना घरच्यासारखी. ते १९८८ ते १९९३ या काळात अध्यक्ष होते. व्यक्तींची थोरवी आम्ही नाकारीत नाही. आमचा आक्षेप खुर्चीच्या पायांना आहे. सरकार बदलले की ती डगमगते. सोनल मानसिंह यांची नेमणूक २००३ ची. सत्ता पालटल्यावर मुदत पुरी होण्याच्या आतच २००५ मध्ये त्यांना दूर करण्यात आले. लीला सॅमसन २०१० मध्ये आल्या. त्यांचे वडील बेने इस्रायली ज्यू आणि आई कॅथलिक, त्यामुळे आमच्या वाचकांना त्या नावाविषयी थोडे अधिक कौतुक वाटणे साहजिक आहे. २०१४ च्या मे महिन्यात सरकार बदलले आणि सप्टेंबरअखेर त्यांनी राजीनामा दिला. दोन्ही वेळी पक्ष वेगळे, रीत मात्र एकच. ‘त्यांनी’ केले ते वाईट आणि ‘आम्ही’ केले ते बरोबर, असे म्हणण्याची सोय दोघांपैकी कोणालाच उरलेली नाही.

याच अकादमीने १९५९ साली काढलेल्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे उदाहरण डोळ्यांसमोर असताना हे व्हावे, याचे नवल वाटते. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ अशी सलग पंधरा वर्षे तेथे संचालक होते. त्यांच्या शिस्तीविषयी, पाश्चात्त्य वळणाविषयी कोणी काहीही म्हणो; संस्था उभी राहिली ती त्या पंधरा वर्षांच्या निर्वेधपणामुळे. केळीच्या बागेलाही पहिला घड यायला वर्ष लागते. दर हंगामाला बागवान बदलला तर पीक कसले येणार?

समित्यांची मात्र कधी वाण पडली नाही. १९६४ ची भाभा समिती, १९७२ चा न्यायमूर्ती खोसला यांचा अहवाल, १९९० चा हक्सर अहवाल, २०१४ ची अभिजित सेन समिती. अहवाल आले, कपाटात गेले. एकाच रोग्याची नाडी पन्नास वर्षांत चार वैद्यांनी पाहिली. पथ्य पाळायला सांगणारा कोणी नाही.

आता पुरस्कारांकडे वळू, कारण सामान्य माणसाला अकादमी दिसते ती पुरस्कारांतूनच. १९५५ साली अकादमीने बालगंधर्वांचा गौरव केला. त्यांच्या बालपणाचा काही काळ जळगावात गेला; तेथील खुल्या नाट्यगृहाला त्यांचेच नाव आहे. तो पुरस्कार योग्य वेळी आला असे म्हणवत नाही, पण निदान हयातीत आला. पुढे पुढे तर वर्षांचा हिशेबच सुटला. २०१८ चे पुरस्कार प्रत्यक्ष हाती पडले ते एप्रिल २०२२ मध्ये. २०१९, २०२० आणि २०२१ या तीन वर्षांचे पुरस्कार एकदमच नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दिले गेले. मध्ये महामारी होती, हे खरे. पण ऐंशीच्या घरातील कलावंताच्या दृष्टीने तीन वर्षांचा विलंब म्हणजे काय, हे कचेरीला कळत नसेल, तर त्या कचेरीने कलावंतांचे पालकत्व मिरवू नये.

२०२३ साली अकादमीने आणखी एक गोष्ट केली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आणि तोवर कोणताही राष्ट्रीय सन्मान न मिळालेल्या ८४ कलावंतांना ‘अमृत पुरस्कार’ दिले. १६ सप्टेंबरला दिल्लीत समारंभ झाला, उपराष्ट्रपती आले, छायाचित्रे छापून आली. आम्ही त्या ८४ जणांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. पण त्या समारंभाचा अर्थ कोणी नीट लावला का? पाऊणशे वर्षे ज्यांनी कला सांभाळली त्या इतक्या माणसांकडे आमचे लक्षच गेले नव्हते, अशी ती जाहीर कबुली होती. कबुली प्रांजळ असेल तर तिच्यामागून सुधारणा यावी लागते. हे पुरस्कार तर एकदाच द्यावयाचे म्हणून दिले गेले. ज्याची पंचाहत्तरी २०२४ मध्ये भरली त्याने काय करावे?

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये एका संसदीय समितीने सुचविले की, पुरस्कार स्वीकारण्यापूर्वी कलावंताकडून तो पुढे राजकीय कारणास्तव परत करणार नाही अशी हमी घ्यावी. २०१५ साली काही साहित्यिकांनी साहित्य अकादमीचे आणि माया कृष्ण राव यांच्यासारख्या रंगकर्मीने संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार परत केला होता, त्याची ही बोच. पुरस्कार परत करणे शहाणपणाचे होते की नव्हते, यावर आमच्यातही एकमत नाही. परंतु सन्मान देताना हमीपत्र लिहून घेणे म्हणजे आहेर करताना पावती मागणे होय. ज्या घरात असा आहेर मिळतो तेथे पाहुणा पुन्हा जात नाही.

आम्ही एकांगी लिहितो आहोत असे कोणी म्हणू नये, म्हणून अकादमीच्या जमेची बाजूही सांगतो. मणिपुरी नृत्यासाठी इंफाळला १९५४ पासून तिची संस्था आहे. केरळच्या कुटियाट्टमसाठी, आसामच्या सत्रीयासाठी, पूर्वेकडील छाऊसाठी तिने स्वतंत्र केंद्रे चालविली. कुटियाट्टम हा मूठभर चाक्यार घराण्यांपुरता उरलेला प्रकार. २००१ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. गुरूला वेतन, शिष्याला विद्यावेतन, वर्षानुवर्षे तालीम, ध्वनिमुद्रण, हस्तलिखितांची राखण, असे सरळ काम केले की कला तग धरते, हे अकादमीनेच सिद्ध केले आहे. म्हणूनच आमची तक्रार अधिक कडू आहे. जे करता येते हे ठाऊक आहे, ते तमाशाच्या वाट्याला का आले नाही? मग वहीगायनाची तर काय कथा! युनेस्कोच्या यादीत पुढे छाऊ आले, कालबेलिया आले, २०२३ मध्ये गरबाही आला. महाराष्ट्राच्या रंगमंचीय लोककलांपैकी एकही त्या यादीत नाही. विठाबाई नारायणगावकरांचा राष्ट्रपतींकडून दोनदा गौरव झाला, आणि २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचे बिल देणगीदारांच्या मदतीने भागवावे लागले. या दोन गोष्टी एकाच आयुष्यात घडतात, याची आम्हां महाराष्ट्रीयांनाही लाज वाटली पाहिजे. सगळा दोष दिल्लीच्या माथी मारून आम्ही सुटू शकत नाही.

लोककलांचा अकादमीला अगदीच विसर पडला होता असेही नाही. सुरेश अवस्थी सचिव असताना आणि त्यानंतर ‘मुळांकडे परत’ जाण्याचा नाद रंगभूमीला लागला. १९८४ पासून दहाएक वर्षे तरुण दिग्दर्शकांना अकादमीने अर्थसाहाय्य दिले. त्यातून काही चांगली नाटके निघाली. पण बहुतेकदा झाले असे की, शहरातील दिग्दर्शक गावात आला, चार ठेके आणि दोन सोंगे उचलून घेऊन गेला, आणि नाटकाला तोंडी लावणे म्हणून ती वाढली. ताट शहराचे, लोणचे आमचे. लोणच्याची बरणी रिकामी झाल्यावर ती भरायची कोणी, हा विचार योजनेत नव्हता.

यावर एक हरकत नेहमी घेतली जाते. जी कला लोकाश्रयावर जगत नाही ती मरणारच, सरकारने तिला नळीने दूध का पाजावे? गोव्याच्या तियात्राचे उदाहरण आमच्या वाचकांच्या ओठांवर असेल. १८९२ साली मुंबईत जन्मलेले हे नाट्य दिल्लीच्या ओळखीवाचून, तिकिटाच्या पैशावर शंभरांहून अधिक वर्षे जगले. गोव्यात त्याची स्वतःची अकादमी २००९ साली निघाली. तियात्राचा आम्हांला अभिमान आहे. पण त्याच्यामागे मुंबईतल्या गोवेकरांची गिरणी-गोदीतली, बोटींवरची कमाई होती, कुडांतली एकी होती, गावोगावच्या फेस्तांचे पंचांग होते. पावरा नाचणाऱ्याच्या मागे काय आहे? ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या माणसाने सहा महिने गाव सोडले की त्या सहा महिन्यांची कलाही गाव सोडते. एकाला लोकाश्रय मिळाला म्हणून दुसऱ्याची उपेक्षा क्षम्य ठरत नाही.

आमच्या परिसराला तर ‘राष्ट्रीय’ या शब्दाचा निराळा अनुभव आहे. सावद्याला लागूनच म्हणावे अशा फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. पंडित नेहरू अध्यक्ष होते. मंडपाची आणि नगराची सजावट शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांच्याकडे होती आणि गांधीजींचा आग्रह असा की, जे काही उभे राहील ते खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंतून, खेड्यातील कारागिरांच्या हातून. बांबूतून तेथे जे साकारले त्याचे कौतुक गांधीजींनी भर सभेत केले. देशातला थोर चित्रकार आमच्या शिवारात आला आणि आमच्या बुरुडाकडून काम शिकून गेला, असे आम्ही मानतो. स्वातंत्र्यानंतर वाट उलटी झाली. आता बुरुडाने दिल्लीला अर्ज करायचा.

अर्ज म्हटले म्हणून सांगतो. आमच्या परिचयातील एक वयोवृद्ध वहीगायक आहेत. त्यांच्यासाठी एका कचेरीच्या अनुदानाचा अर्ज भरायला आम्ही चौघे बसलो होतो. कलेचा प्रकार कोणता, गुरूचे नाव, सादरीकरणांच्या तारखा, वर्तमानपत्रांची कात्रणे, चित्रफिती. आजोबा म्हणाले, ‘‘गुरू कसला भाऊ, वडील म्हणत आणि आम्ही मागून म्हणत गेलो.’’ तारखांच्या रकान्यात आम्ही ‘दरवर्षी, श्रावणात’ असे लिहिले. कात्रण एकही नव्हते. अर्ज अपुरा म्हणून परत आला. त्यात त्या कारकुनाची चूक आम्ही मानीत नाही. रकाना ज्याने आखला त्याने वहीगायन कधी ऐकले नव्हते, एवढेच.

२०२२ साली अकादमीच्या अध्यक्षपदी मुंबईच्या भरतनाट्यम नर्तिका संध्या पुरेचा यांची नेमणूक झाली. आचार्य पार्वतीकुमारांच्या त्या शिष्या. तंजावरच्या सरफोजीराजांनी रचलेली मराठी निरूपणे दप्तरातून काढून पुन्हा रंगमंचावर आणण्याचे अपूर्व काम पार्वतीकुमारांनी केले. दोनशे वर्षे धूळ खात पडलेली मराठी रचना नाचू शकते, हे ज्या परंपरेने दाखवून दिले, तिच्यातील व्यक्ती खुर्चीवर आली याचा आम्हांला आनंद झाला. म्हणून आमचे मागणे त्या खुर्चीपाशीच, आज तेथे जे असतील त्यांच्यापाशी आणि उद्या येतील त्यांच्यापाशीही आहे. अध्यक्षाची निवड कलावंतांच्या मंडळाने करावी आणि सरकार बदलले तरी मुदत बदलू नये. पुरस्कार त्या त्या वर्षी द्यावेत, हमीपत्रावाचून द्यावेत. आणि पुरस्कारांच्या समारंभांवरचा खर्च थोडा आवरून जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी दोन माणसे आणि एक ध्वनिमुद्रण यंत्र पाठवावे. अहिराणी, तावडी, लेवा बोली आणि पावरी समजणारी माणसे येथेच मिळतील. त्यांना दिल्लीहून आणण्याची गरज नाही. मुद्रित केलेल्याची एक प्रत दिल्लीत राहो, दुसरी येथे राहावी.

आजोबांची वही आम्ही पाहिली आहे. लाल कापडात गुंडाळलेली, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, मधली बरीच पाने गळालेली. गळालेली पाने त्यांना पाठ आहेत. या पावसाळ्यात आम्ही ती त्यांच्या तोंडून उतरवून घ्यायला बसणार आहोत. चाल मात्र आम्हांला लिहिता येत नाही.