वंशावळीत पणजी कुठे आहे?

२०२३ मध्ये शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि निजामकाळातले उर्दू, मोडी कागद बाहेर निघाले. खापरपणजोबा कुठून आला, कोणती जमीन कसत होता, याची घरोघर चौकशी झाली. खापरपणजीची कुणी केली?

मैत्रिणींनो, यातले महसुली कागद शेतसाऱ्यासाठी लिहिलेले. सारा ज्याच्या नावावर, तोच शेतकरी! निंदणी-खुरपणी, कापूस वेचणी करणारीची नोंद ठेवायची गरज सरकारला वाटली नाही, घरालाही नाही. परभणी जिल्ह्यातल्या बोरीत बाहेरून आलेला मूळपुरुष जरूर शोधा. पण दर पिढीला परक्या गावाहून येऊन इथली माती कसणारी तर सूनच! तिचं माहेर, तिचं नाव कुठल्या वंशावळीत आहे?

हा प्रश्न नुसत्या आठवणीचा नाही, वाट्याचा आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. तरी हक्कसोडपत्र आहेच. त्यावर सही घ्यायला लेक बरोबर आठवते; वंशावळ लिहितानाच कशी विसरते?

म्हणून वारसनोंदीत प्रत्येक लेकीचं नाव लिहायला लावा. आणि वंशावळीत आजी-पणजीची नावं, त्यांच्या माहेरगावासकट, आपणच लिहूया.