परवानगीने वाढलेली किंमत कोणाची?

इंग्लंडमध्ये घर विकायला काढणाऱ्या माणसापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. घर आहे तसे विकावे, की स्थानिक नगरपरिषदेकडून आधी नव्या बांधकामाची परवानगी मिळवावी आणि मग विकावे? दलाल म्हणतो, परवानगी घ्या, भाव वाढेल. शेजारी म्हणतो, नसती उठाठेव कशाला? लंडनच्या उपनगरांत आयुष्य काढून उतारवयात घर विकू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. वरवर पाहता हा केवळ खाजगी हिशेब आहे. परंतु ज्या कागदाने भाव वाढतो तो कागद समाज देतो, ही गोष्ट ध्यानात घेतली की हिशेब खाजगी राहत नाही.

आधी खाजगी बाजू पाहू. तेथील कायद्याने परवानगी माणसाला नव्हे, जमिनीला चिकटते. म्हणून विक्रेत्याने मिळवलेली परवानगी खरेदीदाराच्या उपयोगी पडते. मात्र साधारणतः तीन वर्षांत काम सुरू झाले नाही तर ती संपते. घर वाढवण्याच्या अर्जाचे शुल्क इंग्लंडमध्ये एप्रिल २०२५ मध्ये २५८ पौंडांवरून ५२८ पौंड झाले. नकाशे काढणाऱ्याची फी वेगळी. निर्णयाची मुदत आठ आठवड्यांची असली तरी ती पाळली जातेच असे नाही. एवढे करून स्वयंपाकघर मागे चार हात वाढवण्याची परवानगी हाती आली, तर तिचे मोल किती? फारच थोडे. लहानसहान वाढीव बांधकामाला कायद्याने सरसकट मुभा दिलेली असल्यामुळे पुष्कळदा अर्जाचीच गरज नसते. आणि जे सर्वांना सहज मिळते त्याला बाजारात किंमत येत नाही. शिवाय खरेदीदाराच्या मनातला आराखडा निराळाच असतो. उलट अर्ज फेटाळला गेला तर तो नकार सार्वजनिक नोंदवहीत राहतो आणि पुढचा प्रत्येक गिऱ्हाईक तो वाचतो. तेव्हा अशा बाबतीत शेजाऱ्याचाच सल्ला खरा.

घरामागे मोठी बाग असेल आणि तिच्यात दुसरे स्वतंत्र घर उभे राहण्याजोगे असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तेथे खरेदीदार किंमत देतो ती विटांसाठी नव्हे, अनिश्चितता नाहीशी झाल्याबद्दल. शेतजमिनीला घरे बांधण्याची परवानगी मिळताच तिची किंमत शंभर पटींच्या घरात जाते. बागेच्या बाबतीत पट कमी असला तरी न्याय तोच. २०१० मध्ये सरकारने बागांना ‘पूर्वी बांधकाम झालेल्या जमिनी’च्या व्याख्येतून वगळले. त्यामुळे ही परवानगी दुर्मीळ झाली आणि अर्थातच अधिक मोलाचीही झाली. मालकाने ती घेतली नाही तर बांधकाम व्यावसायिक बागेच्या भावाने बाग घेतो, परवानगी काढतो आणि मधला फरक खिशात घालतो. अर्ज करण्यासाठी जमिनीचा मालक असावे लागत नाही. मालकाला नोटीस दिली की पुरते. म्हणून अशा जागी परवानगी घेणे, किंवा ते झेपत नसेल तर पुढे परवानगी मिळाल्यास वाढीव किमतीत वाटा मिळेल असे कलम विक्रीच्या करारात घालून घेणे, हे साध्या माणसाच्या हिताचे आहे. त्यासाठी त्याला लोभी ठरवण्याचे कारण नाही.

पण हा फरक निर्माण कोणी केला? मालकाने बागेत गुलाब लावले, भाव गुलाबांमुळे वाढला नाही. रस्ता, आगगाडी, शाळा समाजाने दिल्या. आणि कोठेही बांधू नये हा नियम समाजानेच केला म्हणून बांधण्याच्या मुभेला किंमत आली. रिकार्डोने खंडाचा सिद्धान्त मांडला, मिलने न कमावलेल्या वाढीवर समाजाचा हक्क सांगितला, तेव्हापासून अर्थशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. लॉइड जॉर्जच्या १९०९ च्या अंदाजपत्रकाने अशा वाढीवर २० टक्के कर बसवला. १९२० मध्ये तो गेला. अ‍ॅटलींच्या मजूर सरकारने १९४७ च्या कायद्याने जमिनीचा विकास करण्याचा हक्कच राष्ट्राच्या मालकीचा केला आणि परवानगीने होणाऱ्या वाढीवर १०० टक्के आकार लावला.

येथे समाजवाद्यांनी स्वतःशी प्रामाणिक असले पाहिजे. हा १०० टक्के आकार न्यायाने चोख होता, व्यवहारात फसला. विकून हाती काहीच उरणार नसेल तर मालक विकेल कशाला? मालक जमीन धरून बसले, किंवा आकाराशिवाय आणखी किंमत मागू लागले. खरेदीदाराला दोनदा पैसे मोजावे लागले. हुजूर पक्षाचे सरकार आले आणि १९५३ मध्ये आकार रद्द झाला. १९६७ मध्ये मजूर पक्षाने ४० टक्के पट्टी आणली. हुजूर पक्षाने १९७१ पर्यंत ती आयोगासकट मोडीत काढली. १९७६ मध्ये ८० टक्क्यांचा विकास-जमीन कर आला, १९७९ मध्ये तो ६० टक्क्यांवर उतरला, १९८५ मध्ये संपला. थांबून राहिले की सरकार बदलते आणि कर जातो, हा धडा जमीनमालक तीनदा शिकला. करापेक्षा त्याची ही खात्री अधिक महागात पडली.

आजची स्थिती तर अशी आहे की राहत्या घरासह अर्ध्या हेक्टरपर्यंतच्या बागेवरील नफ्याला भांडवली नफ्याच्या करातून सामान्यतः सूट मिळते. घर ताब्यात असतानाच बागेचा तुकडा विकला म्हणजे झाले. दहापेक्षा कमी घरांच्या योजनेकडून परवडणाऱ्या घरांसाठी वाटा सहसा मागितला जात नाही. स्वतःसाठी बांधणाऱ्याला पायाभूत सोयींचा आकारही माफ होऊ शकतो. म्हणजे समाजाने सही करायची, किंमत वाढवायची आणि हात झटकायचे. एखाद्या वृद्ध विधवेची बाग हे येथे नेहमीचे उत्तर असते. ते खोटे नाही; पण भाड्याच्या खोलीत म्हातारी झालेल्या बाईला ती बागही नाही. राहत्या घराच्या किमतीला हात न लावता, केवळ परवानगीने झालेल्या वाढीचा चौथा हिस्सा विक्रीच्या वेळी घेतला, आणि दोन्ही पक्षांना मान्य होईल असा तो कायम ठेवला, तर विधवा उघड्यावर येत नाही आणि कोणी जमीन अडवूनही बसत नाही.

महाराष्ट्राला हा वाद परका नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात आणि पुढे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात, नगररचना योजनेमुळे वाढलेल्या किमतीचा निम्म्यापर्यंत हिस्सा मालकाकडून घेण्याची तरतूद आहे. परंतु आपल्याकडे जुने घर विकणारा क्वचितच परवानगीच्या वाटेला जातो. बांधकाम सुरू करण्याचा दाखला एका वर्षापुरता असतो आणि नूतनीकरणही फार तर तीन वर्षे होते. त्या खटाटोपात साधा माणूस पडत नाही. रस्त्याच्या रुंदीनुसार किती चटईक्षेत्र मिळेल, वर किती विकत घेता येईल, हे बिल्डरला पाठ असते. पेठेतला वाडा किंवा सोसायटीतला बंगला विकणाऱ्याला ते करारावर सही केल्यानंतर कळते. महानगरपालिका देत असलेल्या झोन दाखल्यात जागा कोणत्या विभागात येते आणि तिच्यावर आरक्षण आहे की नाही, हे मुख्यतः असते. त्याच कागदावर, त्याच नाममात्र शुल्कात, या भूखंडावर आजच्या नियमाने किती बांधता येईल हे सोप्या मराठीत लिहून देण्याचे बंधन पालिकेवर घालावे. त्यासाठी नवा कर लागत नाही, नवे खातेही लागत नाही. नियम पालिकेचे आहेत आणि नकाशाही तिच्याच कपाटात आहे.